‘इतर ॲलर्जी’चा रकाना

रुग्णांच्या रेकॉर्डमध्ये खाण्याचा रकाना सुरू करण्याची कल्पना माझी नव्हती. हे मी चौकशीत सांगितलं, बायकोला सांगितलं, आणि शेजारच्या काकांना तर त्यांनी विचारलेलं नसताना सांगितलं. कल्पना डॉक्टरीणबाईंची होती. ती अमलात आणण्याची युक्ती तेवढी माझी, आणि सगळे नेमकं तेवढंच लक्षात ठेवून बसलेत.

मी आमच्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाचा प्रमुख आहे. प्रमुख म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेची केबिन येते. माझं टेबल जिन्याखाली आहे. तिथे उभं राहायचं तर मान वाकवावी लागते, त्यामुळे कोणी वरिष्ठ आले की मी आहे त्यापेक्षा बराच नम्र दिसतो. पण या इमारतीत कोणाचं काय दुखतं, कोणाचं काय काढून टाकलं आणि कोणाचे आजोबा कशाने गेले, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी घरीही बोलून दाखवतो.

डॉक्टरीणबाई स्मरणशक्तीच्या विभागाच्या. विसरायला लागलेली माणसं त्यांच्याकडे येतात. एका सकाळी त्या वाकून जिन्याखाली आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या रेकॉर्डमध्ये सगळं आहे हो. रक्तदाब आहे, साखर आहे, गुडघे आहेत. पण माणूस जेवतो काय, तेच कुठे नाही.”

“जेवण्याचा मेंदूशी संबंध असतो?” मी विचारलं.

“मग काय मेंदू हवेवर चालतो?” त्या म्हणाल्या. “पालेभाजी, डाळ, फळं किती, तळलेलं आणि गोड किती, एवढं जरी प्रत्येक भेटीला लिहिलं, तरी पुढे मला दिसेल की कोणाचं खाणं बिघडलं आणि मग डोकं बिघडलं. आज मी अंदाजाने चालते.”

एरवी कोणी नवं काम आणलं की मी आधी ते कोणत्या नियमात बसत नाही हे पाहतो. या वेळी मी तिथल्या तिथे हो म्हटलं. त्याला कारण माझे सासरे.

सासरे वीज कंपनीत मीटर तपासनीस होते. हयातभर लोकांच्या घरात शिरून, तुम्ही सांगता तेवढीच वीज वापरता का, हे त्यांनी तपासलं. त्यामुळे समोरचा खोटं बोलतोय हे गृहीत धरूनच ते बोलायला सुरुवात करतात. लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा त्यांनी मला काही विचारलंच नाही, नुसते चहूबाजूंनी बघत राहिले. कुठे सील तुटलेलं दिसतंय का, अशा नजरेने. सासूबाई गेल्यापासून ते दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहतात. आमच्याकडे या म्हटलं की “माझं झकास चाललंय, जावईबापू” एवढंच म्हणतात. पण गेले काही महिने झकास काही दिसत नव्हतं. चाव्या फ्रिजमध्ये सापडायच्या. केस कापून परत येताना ते रस्ता चुकले. एकदा स्वतःच्या मीटरचं रीडिंग घ्यायला खाली उतरले, शेजारच्या इमारतीचं घेतलं, आणि आकडा चुकीचा आहे म्हणून तिथल्या लोकांशी भांडून आले. ऐकताना बायको खूप हसली. मग स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून मी आत गेलो तर ओट्याला टेकून रडत होती. “बाबा मला विसरले तर हो?” ती म्हणाली. याची नोंद माझ्या कुठल्याच रेकॉर्डमध्ये नव्हती. डॉक्टरीणबाईंकडे मात्र निदान प्रश्न तरी होते.

आता रकाना म्हणजे काय, संगणकाच्या पडद्यावरचा एक रिकामा चौकोन. पण तो मिळवायला मी जो अर्ज केला तो अधीक्षकांकडे गेला. अधीक्षकांनी तो संगणक समितीकडे पाठवला. संगणक समितीचे अध्यक्ष अधीक्षकच. त्यांनी समितीच्या वतीने स्वतःकडे विचारणा केली, की आहार ही बाब वैद्यकीय समजावी की बिगर-वैद्यकीय.

“साहेब, दोन्हीकडे तुम्हीच आहात,” मी म्हटलं.

“म्हणून तर वेळ लागतोय,” ते गंभीरपणे म्हणाले. “बाहेरच्या माणसाला समजावता येतं. मला मी ओळखून आहे.”

सॉफ्टवेअरवाल्याला गाठलं तर तो म्हणाला, “सर, चौकोन दिसायला एवढासा असतो, पण त्याच्या मागे फार मोठं काम असतं.” मी म्हटलं, मागचं काम राहू दे, मला पुढचाच हवाय. त्यावर तो हसला आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाला.

संध्याकाळी मी हे सगळं शेजारच्या काकांना सांगितलं. आमच्या काकांना कोणतीही अडचण सांगितली की ती त्यांना पूर्वीच आलेली असते आणि त्यांनी ती सोडवलेलीही असते. “मेंदूसाठी अक्रोड,” ते म्हणाले. “दिसतो बघा, हुबेहूब मेंदूसारखा. ज्या अवयवासारखं फळ, त्या अवयवाला ते चांगलं.”

“मग बटाटा कशासाठी खायचा?”

काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय बदलला. “आणि रकान्याचं म्हणाल, तर नवीन कपाट मिळत नसेल तेव्हा माणसाने जुन्या कपाटात रिकामा कप्पा शोधावा.” हे वाक्य मी पुढे चौकशीत जसंच्या तसं सांगितलं. काकांनी मात्र आपण असं काही बोललोच नाही म्हणून कानावर हात ठेवले.

पण त्या वेळी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या पडद्यावर ॲलर्जीचे दोन रकाने आहेत. वरचा खरा. औषधाची म्हणा, शेंगदाण्याची म्हणा, जी काही खरी ॲलर्जी असेल ती तिथे लाल अक्षरांत येते, आणि त्याला हात लावायची माझी काय बिशाद. त्याच्या खाली ‘इतर ॲलर्जी’ असा एक रकाना आहे. तो कोणी, कशासाठी केला, कोणालाच ठाऊक नाही. इतक्या वर्षांत त्यात एकच नोंद झाली होती. एका माणसाने हट्टाने ‘सासुरवाडी’ असं लिहायला लावलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, चौकोन मिळाला. कुठला, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. यशस्वी माणसं पद्धत सांगत बसत नाहीत असं मला तेव्हा वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून स्मरणशक्तीच्या विभागात येणारा प्रत्येक जण आधी माझ्यासमोर बसू लागला. मी विचारायचो, तो सांगायचा, मी ‘इतर ॲलर्जी’त टाइप करायचो. आणि काय सांगू, आमच्या गावात एवढी संत माणसं राहतात याची मला कल्पना नव्हती. पालेभाजी? रोज. फळं? सकाळ-संध्याकाळ. तळलेलं? “शिव शिव!” असं म्हणणाऱ्या बाईंच्या पिशवीवर तेलाचे डाग होते. एक गृहस्थ तर म्हणाले, “साखर म्हणजे कशी असते तेच विसरलो.” ते स्मरणशक्तीसाठीच आले असल्यामुळे मी वाद घातला नाही. प्रामाणिक म्हणावा असा एकच भेटला, बेकरीवाला. “खोटं कशाला बोलू साहेब? गोड आणि तळलेलं. मधे वेळ मिळाला तर तळलेलं आणि गोड.” त्याची नोंद करताना मला त्याची कीव आली होती.

मग बायको बाबांना घेऊन आली. बाबा खुर्चीत ताठ बसले.

“पालेभाजी?” मी विचारलं.

“रोज.”

“डाळ?”

“दोन्ही वेळा. वर दही. जेवण झाल्यावर एक फळ. आठवड्यातून दोनदा मासे. लिहा, लिहा.”

“बाबा, खरं सांगा हं,” बायको म्हणाली.

“म्हणजे? दर रविवारी येऊन फ्रिज उघडून बघतेस ना? भाजी असते की नसते?”

असायची. फ्रिजचा खालचा कप्पा दर रविवारी हिरवागार असायचा, हे मीही पाहिलं होतं. बायको आणखी घाबरली. एवढं उत्तम खाऊनही माणूस विसरतो, म्हणजे दुखणं साधं नाही, असा तिने हिशेब केला. डॉक्टरीणबाईंच्याही कपाळावर आठी पडली. “खाणं चांगलं आहे, मग दुसरीकडे शोधावं लागेल,” त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोर बसून गेलेल्या बऱ्याच जणांबरोबर बाबांनाही सगळ्या तपासण्यांसाठी सोमवारी वॉर्डात भरती करून घ्यायचं ठरलं.

त्याच सोमवारी आणखी एक गोष्ट घडली, जिचा मला पत्ता नव्हता. संगणक समितीच्या ज्या बैठकीत माझा चौकोन पुढे ढकलला गेला, त्याच बैठकीत अधीक्षकांनी किचनला एक नवीन यंत्र मंजूर केलं होतं. हे यंत्र प्रत्येक रुग्णाच्या ताटासाठी चिठ्ठी छापायचं: अमुक खाट, अमुक पदार्थ देऊ नये. आणि काय देऊ नये, हे ते ॲलर्जीच्या रकान्यांतून वाचायचं. दोन्ही रकान्यांतून. सॉफ्टवेअरवाल्याने त्याचा पहिला मुहूर्त सोमवारी सकाळी केला.

मला पहिली चाहूल लागली ती मंगळवारी. साखर विसरलेले गृहस्थ वॉर्डाचे कपडे घालून जिन्याखाली आले आणि हात जोडून उभे राहिले. “साहेब, चुकलो. मी पालेभाजी खात नाही. कधीच खाल्ली नाही. तुमच्या संगणकाने ओळखलं.”

“काय ओळखलं?” मी विचारलं.

“मी म्हटलं फळं खातो, तर फळ बंद. पालेभाजी खातो म्हटलं, तर पालेभाजी बंद. नुसता ब्रेड येतोय. ज्याने ज्याने थाप मारली त्याला त्याला ब्रेड येतोय साहेब! वॉर्डभर बोलणं चाललंय.”

त्यांच्यामागे तेलाच्या डागांच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे आणखी दोघं. मला काही कळेना. पण लोक आपण होऊन खरं सांगायला येतायत, तर त्यांना माघारी कशाला पाठवायचं? मी सगळ्यांच्या नोंदी बदलून दिल्या. त्या दिवशी मी घरी जरा ताठ मानेने गेलो. जिन्याखाली काम करणाऱ्या माणसाला तशी संधी क्वचितच मिळते. काकांना मी सांगितलंसुद्धा, की माणसातला खरेपणा जागा करायला आपल्या विचारण्यातच काहीतरी असावं लागतं.

बुधवारी तीच मंडळी पुन्हा आली, आणि या वेळी हात जोडलेले नव्हते. खरं बोलून तळलेलं आणि गोड कबूल केलेल्यांच्या ताटात आता उकडलेला पालक, उकडलेला कोबी आणि बिनसाखरेचा चहा येत होता. “खोटं बोललो तर ब्रेड, खरं बोललो तर पाला!” गृहस्थ ओरडले. “नेमकं तुम्हाला काय हवंय ते एकदा स्पष्ट सांगा!” बेकरीवाला तर सोमवारपासून पालक खात होता. तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

एवढ्यात किचनच्या मुख्य बाई मूठभर चिठ्ठ्या घेऊन आल्या आणि त्या त्यांनी माझ्या टेबलावर आपटल्या. “तुमच्या निम्म्या वॉर्डाला पालकाची ॲलर्जी आणि निम्म्याला केकची, हे काय गौडबंगाल आहे? काल ज्याला पालकाची होती त्याला आज केकची झाली! ॲलर्जी म्हणजे काय साथ आहे का?”

मी चिठ्ठी वाचली. दुसरी वाचली. सगळ्या चिठ्ठ्यांवर माझंच टायपिंग होतं.

“आणि तो खिडकीजवळचा म्हातारा!” बाई थांबेनात. “पालेभाजी, डाळ, दही, फळं, मासे, सगळ्याची ॲलर्जी. मग मी त्यांना घालू काय? टोस्ट, जॅम आणि चहा. सोमवारपासून तिन्ही त्रिकाळ तेच. सगळा वॉर्ड माझ्या नावाने बोटं मोडतोय, आणि यांचं ताट पुसून परत येतं. वर निरोप, ‘छान होतं.’ माझ्या नोकरीत मला छान म्हणणारा हा पहिला माणूस. मला तर भीतीच वाटली.”

खिडकीजवळची खाट बाबांची होती. मी उठलो, जिन्याला डोकं आपटलं, आणि तसाच वर पळालो. तपासणीला आणलेल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना जावयाने तीन दिवस जॅमवर ठेवलं, हे बायकोला मी कोणत्या शब्दांत सांगणार होतो?

ती माझ्याआधीच तिथे होती. सकाळी तपासण्यांची आणि संध्याकाळी भेटायची वेळ असल्यामुळे तिने आजवर त्यांचं ताट पाहिलं नव्हतं. आज ती जेवणाच्या वेळेला पोचली होती. बाबा टोस्टचा तुकडा चहात बुडवून शांतपणे खात होते.

“हे कोणी दिलं तुम्हाला?” तिचा आवाज चढला. “बाकीच्यांनी केवढा आरडाओरडा केला, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?”

“त्यात बोलायचं काय?” बाबा म्हणाले. “नेहमीचंच तर आहे.”

“नेहमीचं?”

बाबांचा हात चहावर थांबला. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं. समोर मीटर उघडं पडल्यावर लोकांचे चेहरे कसे होतात ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं, त्यामुळे आता आपला चेहरा कुठे लपवावा हे त्यांना कळेना.

“बाबा, घरी तुम्ही हेच खाता?”

“जॅम बदलतो मी. कधी लाल, कधी पिवळा.”

“आणि फ्रिजमधली भाजी?”

“शनिवारी आणतो. तू बघून गेलीस की खालच्या मजल्यावरच्या मुलींच्या सशांना देतो.” मग खुलासा केल्यासारखे म्हणाले, “चांगले गुबगुबीत झालेत.”

बायको खाटेच्या कडेवर बसली. “मग रेकॉर्डमध्ये सगळं खोटं का सांगितलंत?”

“खोटं कुठे?” बाबा म्हणाले. “तुझी आई असताना हेच तर खायचो. रोज पालेभाजी, वर दही, नंतर फळ. यांनी विचारलं, काय खाता. मला तेच आठवलं.” त्यांनी टोस्ट खाली ठेवला. “एकट्यासाठी डाळ शिजवायला पातेलं चढवायचं, म्हणजे बसून ते खायचंही एकट्यानेच. त्यापेक्षा टोस्ट बरा. उभ्या उभ्या होतो.”

मी कपाळावरचं टेंगूळ चोळत उभा राहिलो. बायकोने बाबांच्या हातातला कप काढून घेतला, आणि त्यांचा हात मात्र धरून ठेवला.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं कबूल केलं. आधी त्यांनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही, रेकॉर्डला मात्र आहे. वरचा लाल रकाना धडधाकट होता म्हणून निभावलं, नाहीतर कोणाच्या जिवाशी खेळ झाला असता, हे त्यांचं म्हणणं मला सोळा आणे पटलं. नंतर त्यांनी बाबांचा रक्ताचा रिपोर्ट माझ्यासमोर धरला. बी-ट्वेल्व्ह तळाला गेलं होतं. “हा आकडा बघून मी चक्रावले होते,” त्या म्हणाल्या. “दही-मासे खाणाऱ्या माणसाचं इतकं खाली कसं? आता कळलं. विसरण्याचं दुसरं काही वाईट कारण अजून तरी दिसत नाही. इंजेक्शनं सुरू करू, आणि त्यांना माणसांत बसवून धड जेवायला घाला. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. वचन देत नाही.”

चौकशी झाली. अधीक्षकांनी समितीचे अध्यक्ष या नात्याने अधीक्षकांना दोषमुक्त केलं आणि मला लेखी समज दिली. समजेच्या शेवटी, आहारासाठी स्वतंत्र चौकोन तातडीने मंजूर करण्यात येत आहे, असं एक वाक्य होतं. बेकरीवाल्याने जाताना मला केक पाठवला. त्यात काही खोच होती का, यावर मी आणि काकांनी बरीच चर्चा केली, आणि चर्चेत तो संपला.

बाबा आमच्याकडे राहायला आले. तपासनीस घरात आल्यावर घरातलं काय काय तपासलं जातं त्याचं वर्णन मी करत नाही. दिवे कोण चालू ठेवतं, नळ कोण टपकत ठेवतं, सगळ्याची उत्तरं शेवटी माझ्यापाशी येऊन थांबायची. रात्री आम्ही तिघं एकत्र जेवायला बसायचो. बायको रोज भाजी वाढताना बाबांच्या तोंडाकडे बघत राहायची, जसं एखाद्या बाळाकडे बघतात. ते कधी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारायचे, मग तिचा घास हातातच राहायचा.

तीन महिन्यांनी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी बाबांना चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. काही जमलं, काही अडखळत जमलं. मग त्यांनी नवा चौकोन उघडला.

“काल रात्री काय जेवलात?”

बाबा गप्प झाले. बायकोने माझं मनगट धरलं. माझ्या मनगटावरची पकड घट्ट होत गेली.

“खरं सांगू?” शेवटी ते म्हणाले.

“खरंच सांगा आजोबा. या वेळी खरंच हवंय.”

“डाळ, भात, दही आणि पालकाची भाजी. भाजी दोन वाट्या.”

“अरे वा! आवडते वाटतं?”

“मला कुठे? एक माझी आणि एक जावईबापूंची. ही पाणी आणायला उठली की ते आपली भाजी माझ्या ताटात ढकलतात. परवा कोबी ढकलला. त्याच्या आदल्या दिवशी दुधी, तोही वर दही पसरून, दिसू नये म्हणून. रविवारी गाजर होतं, ते त्यांनी स्वतः खाल्लं, कारण ही उठलीच नाही. शनिवारी...”

“बाबा!” मी म्हटलं.

बायकोने माझं मनगट सोडलं होतं. ती हसत होती, डोळे पुसत होती आणि मधेच माझ्याकडे डोळे वटारत होती, आणि या तिन्ही गोष्टी एकाच वेळी तिला नीट जमत नव्हत्या. “सगळं आठवतंय त्यांना,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “ऐकलंत ना? सगळं आठवतंय!”

“शनिवारचं राहिलं,” बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी हसून माझ्याकडे पाहिलं. मी बाबांच्या खुर्चीला धरून बसलो होतो. इतका अपमान आणि इतका आनंद मला एकाच खोलीत कधी झाला नव्हता. “सांगा बाबा,” मी म्हटलं. “शनिवारचंही सांगा.”